घोडेवाल्याचा चौथा सीझन

सप्टेंबरात मी अमेरिकेत ईडन प्रेरीला मुलाकडे आले, तेव्हा नात सहा महिन्यांची होती. हल्ली हे ठरलेलंच असतं. बाळ झालं की पहिले सहा महिने सुनेची आई, पुढचे सहा महिने मुलाची आई, आणि मग बाळ डे-केअरला. माझं येणं आणि विहीणबाईंचं जाणं यात मुद्दाम दोन दिवसांचं अंतर ठेवलं होतं. तेवढ्यात त्यांनी मला बाटल्या, डायपर आणि डिशवॉशर असा सगळा चार्ज दिला नि त्या सुटल्या. सुटल्या म्हणजे काय, ते मला पुढे कळलं.

वाईला माझी थोरली बहीण आहे. आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. माझ्या वेण्या ताईनं घातल्या, डी.एड.ला मला ताईनं घातलं, लग्नही तिनंच लावून दिलं. गेल्या वर्षापासून ती विसरायला लागली आहे. निघायच्या दिवशी तिनं तीनदा विचारलं, "कधी येतेस?" तिन्ही वेळा मी सांगितलं, "मार्चमध्ये." डॉक्टर भाच्याला म्हणाले होते, हे हळूहळू वाढत जाणार. ती मला ओळखतेय तोवर परत जायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

ऑक्टोबरात शेजारच्या आजोबांनी घर विकायला काढलं आणि गॅरेजमधलं सामान बाहेर मांडलं. तिथून मुलानं एक जुना डीव्हीडी प्लेअर आणला, आणि त्याच्यासोबत एक खोका. जुनी कृष्णधवल मालिका, काउबॉयची. "आई, दुपारी तुला कंपनी! सबटायटल्स पण आहेत," तो म्हणाला. एवढ्या हौसेनं आणलेलं, त्याला नाही कसं म्हणायचं? दोन भाग बघून मी म्हटलं, "छान आहे हं." झालं! नोव्हेंबरात त्यानं दुसरा सीझन ऑनलाइन मागवला, जानेवारीत तिसरा.

आता खरं सांगते, मला ते बिलकूल आवडत नव्हतं. धूळ, घोडे, दारूचा गुत्ता, ढिशांव ढिशांव. सगळी माणसं टोप्यांखाली सारखीच दिसायची. गुंड कोण आणि बरा कोण, हे कळेपर्यंत त्यातला एक मेलेला असायचा. पण बघायचे, कारण दुसरं करणार काय? बाहेर गुडघाभर बर्फ, गाडी मला येत नाही, पायी जावं तर पोचायला काही नाहीच. एकदा नुसती हवा खायला मागचं दार उघडलं तर अलार्म बोंबलायला लागला, नात दचकून उठली आणि ऑफिसातून सुनेचा फोन आला, "आई, तुम्ही ठीक आहात ना?" त्यानंतर मी दाराला हात लावला नाही.

त्या घोडेवाल्याचा मला भारी राग यायचा. दर भागात नव्या गावात येतो, अर्ध्या तासात काम उरकतो, टोपी नीट करतो आणि निघतो. कुणी त्याला म्हणत नाही, आलाच आहेस तर राहा की अजून थोडे दिवस. मी नातीला मांडीवर घेऊन टीव्हीशी भांडायचे, "जा बाबा, तुला काय! तुझं कुठे काय अडकलंय?" नात खिदळायची. पोर गोड आहे, तिच्यात जीव गुंतला, हेही खोटं नाही.

रोज सकाळी, म्हणजे तिकडच्या संध्याकाळी, मी वाईला फोन लावायचे. आधी ताई भरभर बोलायची. मग एकाच फोनमध्ये चारदा विचारायला लागली, "कधी येतेस?" फेब्रुवारीत भाचसून बऱ्याचदा सांगायची, आत्ता झोपल्यात. मी पोराला काही बोलले नाही. तो ऑफिसातून येऊन विचारायचा, "आई, कसं चाललंय? बोअर नाही ना होत?" मी म्हणायचे, "छान चाललंय." पस्तीस वर्षं शाळेत पोरांवर ओरडले, पण पोटच्या पोरापुढे वाचा बसली.

फेब्रुवारीच्या शेवटी एका शनिवारी तो चौथा सीझन घेऊन आला. खोक्यावर कागद ठेवलेले. "गुड न्यूज! तुझ्या इथल्या मुक्कामाचं एक्स्टेन्शन फाइल करतोय. डे-केअरमध्ये ऑगस्टपर्यंत जागा नाहीये यार, आणि तुला इथे एवढं आवडलंय. अजून सहा महिने! फॉर्म भरलाय, फक्त सही कर."

त्यानं पेन हातात दिलं. मी टोपण काढलंसुद्धा, काय सांगू! बोट टेकवून तो सहीची जागा दाखवत होता आणि माझा हात तिथपर्यंत गेलाही. मग मात्र माझा बांध फुटला. "मला हे आवडत नाही," मी म्हटलं.

"काय आवडत नाही?"

"हा घोडेवाला. पहिल्या दिवसापासून नाही आवडला. आणि मला राहायचंही नाही. मला ताईकडे जायचंय."

सून पोळ्या गरम करत होती, तिनं गॅस बंद केला. तिचा चेहरा पडला. तिला नवं प्रमोशन मिळालं होतं, आता ती बाळाला ठेवणार कुठे? मला तिचं वाईट वाटलं. वाटलं, करून टाकावी सही, मरो ते.

"आधी का नाही सांगितलंस?" मुलगा म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. "मी रोज विचारत होतो ना? आणि आई, रागावू नकोस, पण तू गेलीस तरी मावशीला ते कळणार आहे का?"

"तिला नाही कळलं तर नाही. मला कळेल," मी म्हटलं आणि पेन खाली ठेवलं.

मुलगा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं तिकीट माझ्या फोनवर पाठवलं. सुनेनं घरून काम करायची परवानगी मागितली. विमानतळावर मुलगा मिठी मारून रडला, मीही रडले.

वाईला पोचले तेव्हा ताई पलंगावर शेंगा सोलत बसली होती. मी तिच्या पायाशी बसले. तिनं माझ्याकडे नीट पाहिलं, हसली आणि सरकून मला जागा दिली. "बसा ना वर," म्हणाली. "माझी धाकटी बहीण अमेरिकेला गेलीय. यायचीच आहे आता."

मी तिचा हात धरला, म्हटलं, "ताई, मीच गं." ती मान हलवत शेंगा सोलत राहिली.

भाचा मागे उभा होता. "गेल्या महिन्यापर्यंत फोटो बघून तुझं नाव घ्यायची, मावशी," तो म्हणाला.

गेल्या महिन्यात मला कुणीही अडवलं नव्हतं. मी फक्त सांगितलं नव्हतं.