दोन थेंबांच्या मधली दिल्ली

वहिनी गेल्याचा निरोप मला कटंगी-तुमसर बसच्या कंडक्टरनं दिला. तुमसरला मी शिकवते त्या शाळेची मधली सुटी झाली होती आणि मी फाटकाशी उभी होते. एरवी बस थांब्यावर थांबते. त्या दिवशी ती पुढे येऊन शाळेसमोरच उभी राहिली. कंडक्टर वहिनीच्या माहेरचा, कटंगीचा. खाली उतरून त्यानं डोक्यावरची टोपी काढली. “बाई, अनसूयाबाई गेल्या. काल संध्याकाळी. तुमाले याच गाडीनं घेऊन ये म्हणून तुमच्या दादांनी, गुरुजींनी सांगितलं.” मी विचारलं, कशानं? “काविळीनं. आठ दिवसांपासून पडून होत्या. पण तुमाले कळवू द्याले तयार नोयत्या. बाईच्या परीक्षा चालू हायेत म्हणे...” मी बालाघाटला पोचले तोवर सगळं आटोपलं होतं. दादा अंगणात खुर्चीवर बसला होता आणि येणाऱ्या प्रत्येकाला पावलांच्या आवाजावरून ओळखून नावानं बोलावत होता.

आज त्याला पाच आठवडे झाले. वहिनीबद्दल चार शब्द लिहावेत असं रोज वाटतं आणि रोज मन त्याच बारा दिवसांपाशी जाऊन थांबतं. आमच्या घरातल्या त्या एका प्रवासापाशी...

वहिनी कटंगीच्या शेतकरी घरातली. सातवीपर्यंत शिकलेली. लग्न होऊन बालाघाटला आली तेव्हा माझा दादा तिथल्या हायस्कुलात इतिहास शिकवायला नुकताच लागला होता. त्याचं शिकवणं ऐकायला भरवेलीच्या खाणकामगारांची पोरं सायकली मारत यायची. दिल्ली हा त्याचा खास विषय. कुठल्या बादशहानं कुठे काय बांधलं, कुठला दरवाजा कोणत्या गावाकडे तोंड करून उभा आहे, हे तो असं सांगायचा की पोरांना वाटायचं, गुरुजी तिथंच लहानाचे मोठे झालेत. प्रत्यक्षात तो नागपूरच्या पलीकडे कधी गेलेला नव्हता.

राज्यांची पुनर्रचना होऊन सात-आठ वर्षं झाली असतील, तेव्हा दादा वर्गातल्या बाजूच्या बाकांवरच्या मुलांना विसरायला लागला. हात वर केलेला त्याला दिसायचाच नाही. मग एकदा भरवेलीच्या रस्त्यावर बाजूनं आलेल्या सायकलीला तो सरळ जाऊन धडकला. नागपूरच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. कडेकडेची नजर गेली होती आणि मधलीही हळूहळू आत आत आवळत चालली होती. त्यांनी दिल्लीतल्या आपल्या गुरूंच्या नावे चिठ्ठी दिली. छोट्या लाईनच्या गाडीनं गोंदिया, तिथून नागपूर, तिथून दिल्ली असे आम्ही तिघं निघालो. मी तेव्हा कॉलेजात होते; सोबतीला म्हणून मला घेतलं होतं.

दिल्लीच्या डॉक्टरांनी बाराव्या दिवशीची ऑपरेशनची तारीख दिली. सरळ माणूस होता. म्हणाला, उरलेली नजर टिकावी म्हणून ऑपरेशन करायचं, पण ती टिकेलच असं मी सांगू शकत नाही. हीसुद्धा जाऊ शकते. तोवर रोज चार वेळा थेंब टाका. आम्ही पहाडगंजातल्या धर्मशाळेत परत आलो. खोलीत आल्यावर वहिनी म्हणाली, “अवो, बारा दिवस हायेत. दिल्ली पाहून घेऊ.”

दादा चिडला. “मी इलाजाले आलो, फिराले नाई. अन् पाहाले डोळे लागतात.”

“हायेत ना आज. म्हणूनच म्हणून राह्यली.”

दुसऱ्या दिवशी दुपारी ती त्याला जवळजवळ ओढतच लाल किल्ल्याला घेऊन गेली. तो दिवस मला विसरता येत नाही. ज्या किल्ल्याबद्दल त्यानं इतकी वर्षं तासन् तास सांगितलं त्याच्या भिंतीसमोर दादा उभा होता आणि मान इकडून तिकडे फिरवत होता. वहिनीनं विचारलं, “दिसते का?” तो म्हणाला, “दगड दिसते. एक लाल दगड. मग त्याच्या बाजूचा दगड.” बांबूच्या नळीतून पाहावं तेवढंच त्याला दिसत होतं. “चल, झालं पाहून,” म्हणून तो वळला, तर वहिनीनं त्याचं कोपर धरलं आणि त्याला तसंच मागे मागे चालवायला सुरुवात केली. मागे टांगे, फटफट्या, शिव्या देणारे लोक. मी एका हातानं रहदारी थांबवत होते. “आता?” “कमान दिसते.” “आता?” “कमान, न् वरच्या छत्र्या.” अजून मागे. चांदणी चौकाच्या तोंडाशी आलो तेव्हा दादा एकदम थांबला. “थांब... थांब. अख्खा दिसला! दोन्ही बुरूज, वरचा झेंडा, सगळा एकदम!” तो हसत होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. वहिनी म्हणाली, “म्हंजे दुरून पाहा लागते. एवढंच तं हाय.”

त्या संध्याकाळपासून वहिनीनं दिल्ली हातात घेतली. अडचणी कमी नव्हत्या. थेंब टाकले की दीड-दोन तास दादाला सगळं धुरकट दिसायचं, कपाळ ठणकायचं. सकाळी सहाला थेंब, दुपारी बाराला, संध्याकाळी सहाला, झोपताना पुन्हा. म्हणजे सकाळी आठ ते बारा आणि दुपारी दोन ते सहा, एवढीच दिल्ली आमच्या वाट्याला होती. त्यातही एक दिवसाआड सकाळी दवाखान्यात तपासणी. समोरून ऊन आलं तर त्याला काहीच दिसायचं नाही. ऊन पाठीमागे पाहिजे. एका दिवशी एकच ठिकाण, कारण दुसऱ्या ठिकाणापर्यंत डोळे थकून जायचे. हे सगळं कुणी तिला सांगितलं नव्हतं. पहिल्या तीन दिवसांत तिनं ते एकेक करून हेरलं.

दादा थेंब टाकून डोळे मिटून पडला की आम्ही दोघी निघायचो. उद्याची जागा आज पाहून यायची. ज्या बाईनं तुमसरच्या पुढे एकटीनं पाऊल टाकलं नव्हतं ती दिल्लीच्या बसमध्ये चढून आपल्या बालाघाटी हिंदीत कंडक्टरला दटावायला लागली. जामा मशिदीसमोर तिनं एका टांगेवाल्याला विचारलं, “भैया, इसपे धूप कब आता?” तो चक्रावला. “बहनजी, फोटो खींचना है क्या?” वहिनी म्हणाली, “हौ, वही समझो.” त्यानं सांगितलं, सकाळचं ऊन थेट तोंडावर पडतं. मग ती पायऱ्यांपासून पावलं मोजत मागे जायची, एक डोळा मिटायची, दुसऱ्यासमोर मुठीची नळी धरायची आणि मला विचारायची, “कुसुमबाई, तुम्ही पाहा बरं. दोन्ही मनोरे बसते का याच्यात?” बसले की औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा उघडून आतल्या बाजूला पेन्सिलीनं लिहायची: मशीद, सकाळी नऊ, केळीवाल्याच्या बाजूला, उंचवट्यावर. दुसऱ्या दिवशी दादाला तिथं नेऊन उभं करायची. वाटेत त्याला डोळे उघडू द्यायची नाही. नजर वाटेत खर्चायची नाही, असा तिचा हिशेब. डॉक्टर हे ऐकून हसले असते, पण दादा मुकाट्यानं डोळे मिटून बसायचा. तिनं “हं, पाहा” म्हटलं की उघडायचा.

कुतुबमिनारला तर तिची फार पंचाईत झाली. जवळून एक पट्टाच दिसणार, आणि लांब गेलं की झाडं आडवी. आम्ही दोघी मिनारभोवतीच्या रस्त्यांवर दीड तास फिरलो. शेवटी मोहरीच्या एका शेताच्या बांधावरून मिनार पायापासून टोकापर्यंत मोकळा दिसला. शेतातली बाई ओरडत आली. वहिनीनं तिला काय सांगितलं कुणास ठाऊक. मी मागे राहिले होते. मी पोचले तेव्हा दोघी बांधावर शेजारी बसल्या होत्या आणि ती बाई पदरानं डोळे पुसत होती. दुसऱ्या दिवशी आम्ही दादाला घेऊन गेलो तर तिनं बांधावर खाट टाकून ठेवली होती. दादा कितीतरी वेळ त्या खाटेवर बसून पाहत होता. खालून वर, वरून खाली. मग एकदम म्हणाला, “वरचे मजले पांढरे हायेत काय गं? अन् मी इतके वर्ष पोराईले सगळा तांबडा सांगून राह्यलतो!” इतका आनंद त्याला कधी आपण बरोबर असल्याचाही झाला नसेल.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी वहिनीनं हुमायूनचा मकबरा ठेवला होता. सगळ्यात चांगला शेवटी, असं तिचं ठरलेलं. पश्चिमेच्या दरवाजातून आत गेल्यावर उभं राहायची जागा तिनं पाहून ठेवली होती. ऊन पाठीशी होतं. समोर तो लाल दगड, त्यातल्या पांढऱ्या रेघा, वरचा पांढरा घुमट. आम्ही दादाला नेऊन उभं केलं. “हं, पाहा.”

दादानं डोळे उघडले, समोर पाहिलं आणि म्हणाला, “अनसूया, तू पुढे जा. बागेतल्या त्या रस्त्यावर उभी राह्य.”

दादानं तिला नावानं हाक मारलेली मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली. तिला वाटलं, अंतराचा अंदाज घ्यायचा असेल. ती निघाली. “अजून जा... अजून थोडी... बस. आता वळ माझ्याकडे.” ती वळली. डोक्यावरचा पदर सारखा करत उभी राहिली. हातांचं काय करावं तिला कळेना. माळी पाणी घालायचा थांबून पाहू लागला. येणारेजाणारे पाहू लागले. दादा तिच्यावरची नजर हलवेना. बऱ्याच वेळानं वहिनीच तिथून ओरडली, “अवो, माह्याकडे काहून पाहून राह्यले? मी का मकबरा हाव? मागे पाहा! वेळ चालला! मले तं घरी रोजच पाहता!”

दादा म्हणाला, “घरी मागे सरकाले जागा नाई.”

मला तेव्हा अर्थ लागला. आमच्या त्या दोन खोल्यांत गेलं वर्षभर त्याला तिचं एक वेळी एक काहीतरी दिसत होतं. कुंकू. बांगडी. वाढणारा हात. अख्खी वहिनी त्याला तिथं, त्या बागेत, डोक्यापासून पायापर्यंत दिसत होती. तिलाही ते कळलं असावं. हात सोडून सरळ उभी राहिली. मकबरा पाहायचा राहून गेला. सहा वाजत आले तसे आम्ही परत निघालो.

उजवा डोळा ऑपरेशनमधून वाचला नाही. डावा आणखी दोन वर्षं टिकला आणि मग तोही गेला. नोकरीचं काय होणार, ही धास्ती घरात बसली होती. वहिनी एकटीच उठून हेडमास्तरांकडे गेली. ते जबलपूरकडचे. तिचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “बाई, इतिहास तो सुनने की चीज़ है। गुरुजी सुनाएँगे।” दादा शिकवत राहिला. नकाशावर बोट ठेवायला वर्गातली कुणीतरी मुलगी पुढे यायची. उत्तरपत्रिका घरी यायच्या आणि वहिनी त्या मोठ्यानं वाचायची. सातवी शिकलेली ही बाई दोन-तीन वर्षांत अशी तयार झाली की चुकीचं उत्तर वाचता वाचताच थांबायची. पण मार्कांवरून मात्र भांडायची. “एवढं दोन पानं लिवलं पोरीनं. चुकलं असन, पण मेहनत तं हाय ना. द्या दोन.” दादा म्हणायचा, “तू मास्तर हायेस का मी?” आणि द्यायचा.

लोक म्हणायचे, अनसूयाबाईच्या नशिबी काय आलं. तिला ते मुळीच आवडायचं नाही. मागच्या दिवाळीत मी गेले होते तेव्हा शेजारीण असंच काही म्हणाली, तर वहिनीनं हातातलं काम न थांबवता उत्तर दिलं, “काय आलं म्हंजे? मी दिल्ली पाहिली.” तीच माझी तिची शेवटची भेट.

तेराव्यानंतर पाहुणे पांगले. मी दादाला म्हटलं, “दादा, आता माझ्याकडे तुमसरला चल.” तो म्हणाला, “परीक्षा हायेत. पोराईचं मुघल राह्यलं हाय.”  अंगणातल्या दोरीवर तिची साडी अजून तशीच होती, कुणी काढलेली नव्हती. दादा जरा पुढे झुकला आणि हळू आवाजात, कुणी ऐकू नये असं, म्हणाला, “कुसुम, एक सांग. तिचे केस पांढरे झालते का गं?”

 त्याच्याजवळची वहिनी तिशीतली होती. इतक्या वर्षांत तिनं त्याला एका शब्दानं कळू दिलं नव्हतं.

“झाले होते, दादा.”

“लय?”

“कानाजवळ. भांगातही थोडे.”

त्यानं मान हलवली. “अन् चेहरा?” तो म्हणाला. “घाई करू नको. नीट सांग.”

मी खुर्ची त्याच्याजवळ ओढली आणि कपाळापासून सांगायला सुरुवात केली.