आधी डाव, मग फोन

सकाळी दूध घेऊन येत होते, तर चौकातल्या मोबाइलच्या दुकानासमोर चटया अंथरलेल्या. नवा फोन आज विक्रीला येणार म्हणून मंडळी रात्रीपासून मुक्कामाला होती. कुणी हेल्मेट उशाला घेऊन झोपलेलं, कुणी पायरीवर बसून दात घासत होतं. आठवडाभराने हाच फोन कुणालाही सहज मिळेल. मग हा कसला खुळेपणा!

रांगेतले पहिले चौघे मेंढीकोट खेळत होते. कालपर्यंत एकमेकांची नावंही माहीत नसतील, आता सख्ख्या भावांसारखे भांडत होते.

तेवढ्यात शटर वर गेलं. आतून हाक आली, "पहिला नंबर, या!"

पहिल्या नंबरवाल्याने मानही वर केली नाही. "दोन मिनिटं हो दादा! तीन मेंढ्या आल्यात, चौथी येऊ द्या."

आता मागचे भडकणार, असं मला वाटलं. पण तेही चटईभोवती गोळा झाले. वाट बघायला माणसाला निमित्त लागतं. सोबत जमली की निमित्तालाच ताटकळावं लागतं. दुधाची पिशवी सांभाळत मीही वाकले.

शेवटी दुकानातला माणूस वैतागून बाहेर आला. घोळक्यात डोकं खुपसून त्याने विचारलं, "हुकूम कशाचा आहे?"