व्याह्यांशी गोल्फ

गोल्फ हा श्रीमंतांचा खेळ आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा आमच्या क्लबात यावं. जळगावहून धुळ्याकडे निघालात की पारोळ्याच्या अलीकडे हायवे सोडायचा, कपाशीच्या वावरांमधून धुळीचा रस्ता धरायचा आणि गाडीच्या पोटाला दगड घासल्याचा आवाज आला की थांबायचं. तोच क्लब. मुळात ती एका जिनिंगवाल्या शेठची पडीक जमीन. शेठ मुलाकडे परदेशात काही महिने राहून आले आणि येताना हे वेड घेऊन आले. जमिनीचे कागद मी तयार केले. फीचा विषय काढला तर शेठ म्हणाले, "वकीलसाहेब, फी काय घेऊन बसलात, तुम्हाला आजीव सभासद करतो." आयुष्यभर मी लोकांच्या फसवणुकीचे दावे लढवले, आणि स्वतःचा दावा कुठे दाखल करावा ते मला अजून कळलेलं नाही.

टीव्हीवर गोल्फचं मैदान हिरवंगार दिसतं. आमचं काळं आहे. कपाशीला मानवणारी आपली काळी माती गोल्फला अजिबात मानवत नाही. पावसाळ्यात ती बुटांना अशी चिकटते की दोन होल खेळेपर्यंत माणूस वीतभर उंच होतो. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, आणि बॉल त्या भेगांत जातो तो जातोच. पूर्वी लोक हात घालून शोधायचे. मग एका डॉक्टरांच्या हाताला बॉलऐवजी विंचू लागला आणि शेठने नियम केला की भेगेतला बॉल शोधायचा नाही, शेजारी नवा ठेवायचा. तेव्हापासून ज्याचा बॉल कपाशीत जातो तोसुद्धा भेगेत गेला म्हणून सांगतो.

गवत कापायचं मशीन पहिल्याच पावसाळ्यात बिघडलं. आता ते काम एका ठेलारी मेंढपाळाच्या मेंढ्या करतात. मेंढ्या गवताबरोबर बरंच काही मागे ठेवून जातात, त्याबद्दलही क्लबाचा नियम आहे, तो इथे सांगत नाही. हा मेंढ्यांचा मालक एकदा बराच वेळ आमचा खेळ बघत उभा होता. शेवटी जवळ येऊन अदबीने म्हणाला, "साहेब, इतलं मोठं वावर शे, पेरतस का नही काही?" हा प्रश्न मी वार्षिक सभेत मांडला होता. विषयपत्रिकेत नसल्यामुळे तो घेतला गेला नाही.

होलभोवती जिथे मखमली हिरवळ असायला हवी तिथे आमच्याकडे वाळू आहे. ती वाऱ्याने उडू नये म्हणून तिच्यात जिनिंगच्या मशीनचं जळकं ऑईल ओततात. हिरव्याला ग्रीन म्हणतात, म्हणून आम्ही याला ब्राऊन म्हणतो. तिथे बॉल हलकेच ढकलण्याआधी गोणपाट ओढून वाळू सारखी करायची असते. मी गोणपाट ओढतो तेव्हा वाळूवर हमखास एक उंचवटा उरतो, आणि तो नेमका माझ्याच बॉलच्या वाटेत असतो. माझ्या पँटींवर या ऑईलचे जे डाग आहेत त्यांच्यासाठी घरी वेगळी बादली आहे. त्या बादलीकडे बघून बायको जे बोलते ते मला आता पाठ झालं आहे.

सभासदांबद्दल काय सांगावं. एक बिल्डर आहेत. ते फ्लॅट विकताना क्षेत्रफळ वाढवून सांगतात आणि इथे फटके कमी करून. एक सर्जन आहेत. बॉल हरवला की ते टोपी काढतात आणि ऑपरेशन थिएटरच्या दाराशी काढावा तशा आवाजात म्हणतात, "आम्ही आमच्याकडून सगळे प्रयत्न केले." आणि झाडून सगळे मला शिकवतात. डोकं वर करू नका. कोपर वाकवू नका. श्वास सोडा. श्वास धरा. हे सगळं पाळून मी काठी फिरवली की ढेकूळ लांब जातं आणि बॉल जागच्या जागी राहतो. पण महिन्यातून एखादा फटका असा बसतो की बॉल थेट जळगावच्या पिंप्राळ्यापर्यंत जाईल असं वाटतं. तेवढ्यासाठी मी पुढच्या रविवारी अंधारात उठून पुन्हा येतो. इतकी वर्षं अशीच गेली, आणि कपाटात एक चमचासुद्धा बक्षीस म्हणून आलेला नाही.

आता आबांकडे येतो. आबा म्हणजे माझे व्याही, धाकट्या मुलीचे सासरे, धुळ्याचे. सरकारी खात्यातून मोठ्या पदावरून निवृत्त झालेले आणि निवृत्त झाल्याचं अजून मान्य न केलेले. ते क्लबात आले त्याला मीच कारण झालो. लग्न ठरलं तेव्हा मोठेपणा मिरवायला मी गोल्फचा उल्लेख केला, आणि पुढच्या महिन्यात ते नव्या काठ्यांची बॅग घेऊन हजर. तेव्हापासून रविवारची ती एक सकाळही माझी राहिली नाही.

गोल्फमध्ये एक चांगली रीत आहे. समोरच्याचा बॉल होलच्या अगदी काठाशी आला की आपण "दिला" म्हणायचं. मग त्याने मारायची गरज नाही, बॉल आत गेला असं धरतात. सभ्य लोकांनी काढलेली रीत आहे ती. पण आपल्याकडे मुलीचा बाप व्याह्यांबरोबर खेळतो तेव्हा तिचं काय होतं ते त्या सभ्य लोकांना ठाऊक नसावं. आबांचा बॉल होलपासून पाच पावलांवर असला तरी ते काठी बगलेत धरून माझ्याकडे बघतात. "काय वकीलसाहेब?" मी म्हणतो, "दिला, आबा." लग्नात त्यांना बँड पसंत पडला नाही म्हणून दुसरा आणला होता. पंगतीत वरण-बट्टीतली बट्टी चुरून पाहून त्यांनी तूप कमी आहे म्हटलं म्हणून घागरी ओतल्या होत्या. तिथे एका बॉलचं काय. उलट माझा बॉल होलच्या तोंडाशी लोंबकळत असला तर आबा आभाळाकडे बघून कापसाचा भाव काय निघेल याचा विचार करतात. चालता चालता बुटाच्या टोकाने स्वतःचा बॉल ढेकळांतून काढून सपाटीवर आणायची त्यांची हातोटी तर अशी, की मी वकील असून साक्ष देऊ शकलो नसतो.

दर थंडीत आमच्याकडे जळगाव विरुद्ध धुळे असा कपाचा सामना होतो. त्या दिवशी घरची मंडळी येतात, मांडव घालतात आणि भरताची वांगी भाजतात. खरं सांगायचं तर बहुतेक लोक भरीत-पुरीसाठीच येतात. यंदा चिठ्ठ्या निघाल्या आणि माझी गाठ आबांशी पडली.

मला गंमत वाटली. बायकोला नाही वाटली. शनिवारी दुपारी ती समोर येऊन बसली. "अहो, उद्या जिंकू नका हं."

"मी कधी जिंकलोय?"

"तुमचं काही सांगता येत नाही. नको तिथे तुम्हाला जमतं."

कारण होतं. मुलगी फिजिओथेरपिस्ट आहे. सासरच्या घराला खाली एक मोठी रिकामी खोली आहे, रस्त्याच्या तोंडाशी. तिथे तिला स्वतःचं क्लिनिक काढायचं होतं. जावई तयार होता, पण घर आबांचं आणि शब्दही आबांचाच. विचारलं की ते "बघू" म्हणायचे. लग्नाला दोन दिवाळ्या होऊन गेल्या, तरी बघणं चालूच होतं. खोलीत जुनी सायकल, मोडका कूलर आणि आबांच्या नावाच्या पाट्या पडून होत्या. मुलगी फोनवर हसून सांगायची, पण ते हसणं आईला कळत होतं आणि मलाही. शिकलेलं सगळं विसरायला होतंय, असं ती एकदा म्हणाली तेव्हा मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. भरताच्या पंगतीत विषय काढायचा, आबा खुशीत असले की हो म्हणतील, असा बायकोचा बेत होता. खुशीत असायला आबा जिंकायला हवेत. म्हणजे मी हरायचं होतं, आणि हरणं तर मला येतंच होतं.

रविवारी सकाळी मी पहिला फटका मारला. डोकं वर केलं, कोपर वाकवलं, श्वासाचं काय केलं आठवत नाही. बॉल सरळ गेला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दुसराही सरळ. तिसरा कपाशीकडे निघाला होता, तो बांधावरच्या बाभळीला लागून परत मैदानात आला. इतकी वर्षं मी या खेळाच्या पाया पडत होतो तेव्हा कुठे होतं हे सगळं? हरायचं म्हणून मी जितका ढिसाळ खेळत होतो तितकं नीट होत होतं, आणि माझा जीव खालीवर होत होता. आबांचा चेहरा होलागणिक तांबडा होत चालला. मग मी "दिला, दिला" म्हणत सुटलो. एकदा तर त्यांनी बॉल मारायच्या आधीच म्हणालो.

असं करत शेवटच्या होलवर आम्ही बरोबरीत आलो. दरम्यान बाकीचे सामने संपले होते, तिथेही दोन्ही गावं बरोबरीत. कप आधीच्या वर्षी धुळ्याने जिंकला होता, आणि बरोबरी राहिली तर तो त्यांच्याकडेच राहणार होता. सगळा मांडव ब्राऊनभोवती येऊन उभा राहिला. आबांचा बॉल आत गेला, पण तोवर त्यांचे माझ्यापेक्षा दोन फटके जास्त झाले होते. माझा होलपासून हातभर अंतरावर होता, आणि तो पुढच्या फटक्यात आत गेला तर कप जळगावचा. मी आबांकडे बघितलं. आबा आभाळाकडे बघत होते. बिल्डर कानाशी येऊन म्हणाले, "साहेब, हा तर माझी आजीसुद्धा घालेल." समोर बायको उभी होती. तिने डोळे बारीक केले.

मी गोणपाट ओढलं. त्या दिवशी एकही उंचवटा राहिला नाही. इतक्या जवळचा बॉल चुकवायला किती कौशल्य लागतं ते लोकांना कळत नाही. मी काठी थोडी वाकडी धरली आणि बॉल होलच्या बाजूने पुढे गेला. जळगावकरांनी जो आवाज काढला तो कोर्टात निकाल विरुद्ध गेल्यावर पक्षकार काढतो तोच. सर्जनांनी टोपी काढली.

आबा खुलले. कप हातात घेऊन त्यांनी भाषणच सुरू केलं, आणि खुशीत आले की ते अहिराणीवर येतात. "याले म्हणतस समजूत! असा माणूस बठ्ठा खान्देशमा भेटाव नही." मग मांडवाकडे वळले. माझी मुलगी तिथे पुऱ्यांची परात घेऊन उभी होती. "सूनबाई, पाहिलं का? पप्पांकडून शिका. हातचा कप गेला तरी हसून कसं सोडून द्यायचं ते. हट्ट नाही, काही नाही. तुमचं ते क्लिनिकचं पण असंच सोडा आता. घरात काय कमी आहे?"

लोक हसले. काहींनी टाळ्याही वाजवल्या. ज्यासाठी मी तो बॉल चुकवला होता, त्यावरच आबांनी माझ्याच हाताने काट मारून घेतली होती. आणि मी काठीला लागलेलं ऑईल पुसत राहिलो.

मुलीने परात खाली ठेवली. "आबा, पप्पांनी तो बॉल मुद्दाम चुकवला. लहानपणी कॅरममध्ये मला जिंकू द्यायचे तेव्हा ते असाच चेहरा करायचे. मी नाही सोडणार. धुळ्यातच देवपुरात क्लिनिकसाठी भाड्याची जागा बघितली आहे."

आबा माझ्याकडे वळले. "खरं शे का हाई, वकीलसाहेब?"

रीतीप्रमाणे मी नाही म्हणायला हवं होतं. पोरगी थट्टा करते आबा, असं म्हटलं असतं तर सगळं भरतात विरघळून गेलं असतं. बायकोने डोळे मोठे केले होते. मी मुलीकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती, उत्तराची वाट बघायचं तिने सोडलं असावं, आणि ते मला फार लागलं.

"हो," मी म्हणालो. "मुद्दाम चुकवला. आणि आजवर दिलेले सगळे बॉल तुम्ही व्याही म्हणून दिले, आबा. त्यातला एकसुद्धा आत गेला नसता."

"असं? मग मारी दखाडा ना आता."

मी बॉल उचलला, मघाशी होता तिथेच हातभर अंतरावर ठेवला. काठी सरळ धरली. डोकं खाली, कोपर ताठ. आयुष्यात इतक्या मनापासून मी काही मारलं नसेल. बॉल होलच्या काठावर गेला, काठाने अर्धा फेरा मारला आणि बाहेर येऊन थांबला.

आबा मोठ्याने हसले. बिल्डर हसले, सर्जन हसले, बायकोने कपाळावर हात मारला. कानांपर्यंत गरम होऊन मी बॉलकडे बघत उभा राहिलो. मुलगी जवळ आली. तिने माझ्या हातातली काठी काढून घेतली. तीही हसत होती, आणि हे फोनवरचं हसणं नव्हतं.

"चला पप्पा, भरीत गार होतंय," ती म्हणाली. "माझं क्लिनिक काही तुमच्या बॉलवर चालणार नव्हतं."