हौदावरचा दगड

विद्यापीठामागं, डोंगराच्या पायथ्याला जुना महाल आहे. एम.ए.ला असताना हॉस्टेलचं पाणी गेलं की आम्ही कपडे घेऊन तिथल्या हौदावर जायचो. महालाचा कोपरान्‌कोपरा मी धुंडाळला होता, आणि त्याची मला फार ऐट होती. एका पावसाळ्यानंतर मागच्या ओढ्यात कोरीव दगड सापडला. महालाचाच असणार म्हणून मित्राच्या मदतीनं तो हौदापर्यंत ओढत आणला. वेलबुट्टीची बाजू मुद्दाम वर ठेवली, कारण तिच्यावर शर्टाची कॉलर झकास निघायची.

त्याच सुमारास महालाचा म्हातारा रखवालदार कावराबावरा हिंडू लागला. आम्ही त्याला चाचा म्हणायचो. बायकोच्या कबरीचा दगड पुरात गेला, म्हणाला. कबरीचा दगड म्हणजे उंच, हिरवा रंग दिलेला, असंच माझ्या डोक्यात. मी एक अख्खी दुपार त्याच्यासोबत शोधाशोध केली. दमून आम्ही दोघं हौदाशीच टेकलो. दगडावर साबणाचा पांढरा थर चढलेला होता.

हिवाळ्यात गावाहून, पिशोरहून, वडील भेटायला आले. ते निजामाच्या शाळेत उर्दू शिकलेले. मी पोलीस ॲक्शननंतर शाळेत गेलो, म्हणून सगळं मराठीत. त्यांचं धोतर मी त्या दगडावर आपटत होतो, तेवढ्यात त्यांनी माझं मनगट धरलं.

"थांब. ही वेलबुट्टी न्हाई, उर्दू हाय. ह्ये बाईचं नाव हाय. कबरीवरचा दगड हाय ह्यो."

मी हादरलोच. तीन महिने मी तिच्या नावावर मळ घासत होतो. त्या दुपारचा चाचा आठवला.

वडिलांनीच त्याला बोलावून सगळं सांगितलं. शिव्या बसतील असं वाटलं होतं. बसल्या असत्या तर बरं झालं असतं. चाचानं खांद्यावरच्या रुमालानं साबण पुसला आणि वडिलांकडून ते नाव तीनदा वाचून घेतलं. त्याला स्वतःला अक्षरओळख नव्हती, हेही मला तेव्हाच कळलं.

दगड परत कबरीवर बसवला. दुसऱ्या दिवशी वडील गावी गेले. संध्याकाळी मी तिकडं गेलो, तर चाचा कबरीशी बसलेला. माझी वाटच बघत होता.

"बेटा, तुम तो बड़ी किताबां पढ़ते. इसका नाम किधर लिखा है, जरा उंगली रख के बताओ."

मी खाली वाकलो. कॉलर कुठं जास्त घासली होती, तेवढंच मला दाखवता आलं असतं.