मी खोडलेला फोरमन

"पेडणेकरांचा फॉर्म समोर आहे ना?" डॉ. लाइने यांनी विचारलं. "तिसरं पान. पदनामाचा रकाना."

समोर होता. ऑनलाइन मीटिंग होती आणि पाच देशांतल्या पाच स्क्रीनवर तो होता, कारण मीच तो शेअर केला होता. रकान्यात लिहिलं होतं, सीनियर इंजिनिअर, मेंटेनन्स.

"मी यांच्या अणुवीज केंद्रावर एकदा तपासणी पथकाबरोबर आले होते," त्या म्हणाल्या. निवड कमिटीतल्या या फिनलंडच्या बाई सावकाश, शब्द मोजून बोलतात. "तेव्हा हे गृहस्थ मला भेटले होते. त्यांनी स्वतःची ओळख फोरमन अशी करून दिली होती. मग यातलं खरं काय?"

"आय विल चेक अँड रिव्हर्ट," मी म्हटलं. चेक करण्यासारखं काहीच नव्हतं. फोरमन हा शब्द मीच खोडला होता.

अणुऊर्जेतल्या तज्ज्ञांची एक आंतरराष्ट्रीय अकादमी आहे. तिचे फेलो जगभर विखुरलेले आहेत आणि सचिवालय मात्र दादरला, एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर, अडीच खोल्यांत. खाली चष्म्याचं दुकान आहे. मी या अकादमीची कार्यकारी सचिव. पद भारदस्त वाटतं. काम म्हणजे निवडणुका, मीटिंगा, मिनिट्स आणि रुसलेल्या शास्त्रज्ञांची समजूत. त्याआधी अठ्ठावीस वर्षं मी मेकॅनिकल इंजिनिअर म्हणून अणुवीज केंद्रांत काढली.

फेलो म्हणजे सन्माननीय सभासद. हा मान मागून मिळत नाही. कुणीतरी नाव सुचवतं, त्या माणसाचा फॉर्म माझ्यामार्फत निवड कमिटीकडे जातो आणि कमिटी मतदान करते. फेलो बहुतेक सगळे डॉक्टरेटवाले. म्हणून काही वर्षांपूर्वी आम्ही एक नवा वर्ग काढला: प्रत्यक्ष कामातले तज्ज्ञ. त्याच्या नियमांत 'शिक्षणाची अट नाही' अशी ओळ आहे. ती मीच ड्राफ्ट केली होती. तिच्यासाठी मीटिंगमध्ये तावातावाने भांडलेही होते.

दत्ताराम पेडणेकरांचं नाव सुचलं तेही मलाच. पेडणेकर डिलाईल रोडच्या चाळीत वाढले. वडील गिरणीत होते. हे आयटीआय करून फिटर म्हणून लागले आणि फोरमन म्हणून रिटायर झाले. मी ट्रेनी असताना मेंटेनन्स शॉपमध्ये, म्हणजे दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये, त्यांचाच शब्द चालायचा. मोठे साहेबसुद्धा आत पाऊल टाकण्याआधी "पेडणेकर, येऊ का?" विचारायचे.

त्यांनी केलं काय, ते सांगते. रेडिएशनच्या भागात काम करताना अंगावर जो किरणोत्सार घेतला जातो त्याला आम्ही डोस म्हणतो. प्रत्येकाचा डोस मोजला जातो आणि त्याला मर्यादा असते. आत जितकी मिनिटं कमी, तितका डोस कमी. आतला एखादा व्हॉल्व्ह बदलायचा असला की पेडणेकर बाहेर शॉपमध्ये पत्र्याचा आणि प्लायवूडचा तसाच व्हॉल्व्ह उभा करायचे, आजूबाजूच्या अडचणीच्या पाइपांसकट. मग माणसं मास्क आणि दुहेरी ग्लोव्हज चढवून तालीम करायची. पाना कुणी द्यायचा, कुणी वाकायचं, कुणी तोंड उघडायचं नाही, सगळं ठरलेलं. पेडणेकर बाजूला स्टॉपवॉच घेऊन उभे. चाळीस मिनिटांचं काम बारा मिनिटांवर आल्याशिवाय ते कुणाला आत सोडत नसत. अशी तालीम इतर देशांतही करतात. पण यांनी ती कुठलंही पुस्तक न उघडता उभी केली, आणि माणसं कशी उभी करायची याची त्यांची पद्धत पुढे दुसऱ्या केंद्रांनी उचलली.

त्यांनी फॉर्मची माहिती रेघी कागदावर मराठीत लिहून दिली. पदनाम, फोरमन. शिक्षण, आयटीआय फिटर. पद्धत कशी सुचली, या प्रश्नाला त्यांचं उत्तर असं होतं: 'गोविंदा पथकात. कोणी कोणाच्या खांद्यावर चढायचे हे हंडीच्या दिवशी ठरवत नाहीत. महिनाभर आधी प्रॅक्टिस असते. तेच आम्ही व्हॉल्व्हला केले.'

याहून चांगलं उत्तर त्या रकान्यात आजवर कुणी लिहिलं नसेल. मी ते इंग्रजीत करायला बसले आणि माझा हात अडला. कमिटीतले चेहरे डोळ्यांपुढे आले. गोविंदा पथक वाचून ही मंडळी काय म्हणतील? मी तिथे 'टाइम अँड मोशन स्टडी' असं भारदस्त नाव घातलं. आयटीआयचा 'टेक्निकल डिप्लोमा' केला. फोरमन खोडून सीनियर इंजिनिअर केलं. काम तर ते इंजिनिअरचंच करत होते, अशी मनाची समजूत घातली.

ही सवय घरची. आम्ही माटुंग्याचे, दोन पिढ्या कारकुनी केलेले. पाहुण्यांसमोर आमच्याकडे हेडक्लार्क काका 'ऑफिसर' व्हायचे आणि शिकवण्या घेणारी आत्या 'प्रोफेसर'. याला कुणी खोटं म्हणत नसे, रीत म्हणत. शिवाय काका स्वतःच हसून मान डोलवायचे. पेडणेकरांना मी विचारलंसुद्धा नव्हतं.

ते सहीला आले तेव्हा मी म्हटलं, "वाचून घ्या एकदा."

"तुम्ही लिवलंय ना मॅडम? मग काय वाचायचं?" म्हणाले, आणि 'वरील सर्व माहिती खरी आहे' या ओळीखाली सावकाश, वळणदार सही केली. मी बघत बसले.

आमच्याकडे नव्या पोरांना पहिल्या दिवशी सांगतात, मीटरवर जे दिसतं ते लिहा, दिसायला हवं होतं ते लिहू नका. हे लेक्चर मी स्वतः कित्येकदा दिलंय.

डॉ. लाइने यांनी प्रश्न विचारला ती मीटिंग संपल्यावर आमच्या अध्यक्षांचा, डॉ. वर्तकांचा फोन आला.

"काय भानगड आहे नेने?"

मी सांगितली.

"क्लेरिकल एरर म्हणू," ते म्हणाले.

"कुणाची?"

"कुणाची म्हणजे? ऑफिसची. नाव कशाला घ्यायला पाहिजे?"

मला हायसं वाटलं. हे लिहिताना शरम वाटते, पण वाटलं खरं. दोन दिवस मी कमिटीला पाठवायचा तो खुलाशाचा मेल ड्राफ्ट करत होते. 'अनवधानाने' हा शब्द टाकला, काढला, पुन्हा टाकला. तेवढ्यात कमिटीने नियमाप्रमाणे परस्पर पेडणेकरांनाच खुलासा विचारला. पत्र सभ्य होतं, पण अर्थ सरळ होता: आपण खोटी माहिती देऊन सही केली आहे का?

तिसऱ्या दिवशी पेडणेकर ऑफिसात आले. सोबत मुलगी, नंदा. ती बँकेत आहे. पत्र तिनेच त्यांना वाचून दाखवलं होतं. पेडणेकरांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. त्यांनी फाइलमधून एक कागद काढून माझ्यापुढे ठेवला.

"हे इंग्रजीत करून पाठवा."

कागदावर लिहिलं होतं, 'मी फॉर्म न वाचता सही केली. त्यातील पद व शिक्षण चुकीचे आहे. मी फोरमन होतो. चूक माझी आहे. ऑफिसची किंवा मॅडमची नाही.'

"बाबा, तुमच्या मराठी कागदाचा फोटो आहे माझ्याकडे," नंदा म्हणाली. ती त्यांच्याशी बोलत होती आणि बघत माझ्याकडे होती.

"तू गप ऱ्हव."

मी कागद खाली ठेवला. "पेडणेकर, ते चुकून झालं नाही. मी बदललं. मुद्दाम बदललं."

त्यांना पटकन कळलं नाही. मग कळलं.

"माका वाटला, टायपात झाला," ते हळू म्हणाले. "फोरमन चालत नाय काय तिकडे?"

"चालत होतं."

"मग?"

"मला वाटलं, ते लोक हसतील."

"तुम्ही हसलात काय कधी?"

"नाही."

"मग ते कशाला हसतील?"

मी त्यांचा कागद उलटा करून ठेवला.

"सदतीस वर्षं लॉगबुकात सह्या केल्या, मॅडम," ते उठता उठता म्हणाले. "एक खोटी नाय. ही पयली." त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला सोपं गेलं असतं.

त्यांचा कागद मी पाठवला नाही. त्याच दुपारी कमिटीला माझं पत्र पाठवलं: कुठले शब्द होते, मी कुठले घातले, माणसाला न विचारता घातले. सोबत त्यांचा मूळ मराठी कागद स्कॅन करून जोडला. डॉ. वर्तक भडकले. सगळ्या सचिवालयाची अब्रू गेली म्हणाले. गेली होतीच. फक्त ती माझ्या पत्राने गेली नव्हती.

निकाल महिन्याने आला. पेडणेकरांवर कसलाही ठपका नाही, अकादमी त्यांची माफी मागत आहे. मात्र ज्या फॉर्ममध्ये असत्य माहिती आहे तो रद्द होतो, मग ती कुणीही घातलेली असो, आणि ते नाव पुढची तीन वर्षं सुचवता येत नाही. हा नियमही मीच ड्राफ्ट केलेला. मला लेखी समज मिळाली.

त्याच संध्याकाळी डॉ. लाइने यांचा वेगळा मेल आला. 'तुम्हाला हे माहीत असावं. या वर्गाची जागा दोनदा रिकामी राहिली, कारण आमच्याकडे सगळे डॉक्टरेटवालेच येत होते. मी तो प्रश्न त्यांना पाडायला विचारला नव्हता. ते फोरमनच निघावेत अशी माझी इच्छा होती. मला त्यांना मत द्यायचं होतं.'

लोकांना वाटतं, माणूस खोटं फायद्यासाठी लिहितो. मी लाजेपोटी लिहिलं. आणि लाज मला वाटत होती, त्यांना नाही. ज्या माणसाचा मान वाढवायला निघाले होते, त्याचीच मला कुठेतरी लाज वाटत होती. हे मला वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी कळलं.

निकाल सांगायला मी डिलाईल रोडला त्यांच्या घरी गेले. पेडणेकरांनी माफीचं पत्र दोनदा वाचून घेतलं, घडी घालून ठेवलं. चहा दिला. सोलकढीसुद्धा घ्या म्हणाले. "तीन वर्षांनी माझी एकोणऐंशी होतील," म्हणाले. "बघू. हातपाय चालतायत तोवर काय चिंता?"

"पुढच्या वेळी मी स्वतः..." मी सुरुवात केली.

"नको मॅडम. फॉर्म आमची नंदा भरील," ते म्हणाले. रागाने नाही, अगदी समजुतीने. "तुम्हाला त्रास नको."

नंदाने मागच्या महिन्यात कोरा फॉर्म मागून घेतला. अजून दोन वर्षं आहेत, तरी आताच. भरलेला फॉर्म सचिवालयाला न दाखवता थेट कमिटीकडे पाठवता येतो का, हेही तिने त्याच मेलमध्ये विचारलं होतं. येतो. मी तसं तिला कळवलं.