बांधावरची मातीची माणसं

पुंडलिककाका जोहे गावच्या मूर्तींच्या कारखान्यात तीस वर्षं गणपतींचे डोळे रंगवत आले. हात असा, की मालक दुसऱ्या कुणाला डोळ्यांच्या कामाला बसवतच नसे. गावात मात्र काकांचा जीव बांधात अडकलेला. खाडीचं खारं पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून घातलेला हा मातीचा बांध. पूर्वी दर उन्हाळ्यात घरटी एक माणूस जाऊन त्याची डागडुजी करायचा. आता घरटी एक माणूस रोह्याला कंपनीत शिफ्टला जातो. मीही त्यातलाच, तेव्हा कुणाला नावं ठेवू?

सांगून सांगून काका थकले. मग त्या थंडीत त्यांनी मातीची माणसं घडवली. घरटी एक, कंबरेएवढी, डोक्यावर घमेलं, चेहरे हुबेहूब आमचे. बांधावर रांगेने उभी केली. आम्ही सगळे बघायला गेलो आणि आपापल्या पुतळ्याशेजारी फोटो काढून आलो. फावडं एकानेही नेलं नाही. लाज म्हणून नाही आम्हाला!

पण चूक काकांचीही झाली. खाडीचा चिखल वाळला की तडकतो. चिकट, मऊ माती मिळते ती बांधाच्या आतल्या पायथ्याशी. पुतळ्यांसाठी काकांनी तीच काढली. चंद्रावतीकाकू रोज म्हणायची, "अवो, पायाची माती नका काढू."

"पुतळे बघून लोकं येतील गो, मग भरू," काका म्हणायचे. चांगली माती दिसली की कारागिराला मोह आवरत नाही.

पावसात पुतळे विरघळले. श्रावणी पुनवेच्या उधाणात बांध फुटला, माती काढली होती तिथेच. बायजाबाईंचं शेत अगदी लागून. सत्तरी ओलांडलेली एकटी बाई. लावणीला महिनाही झाला नव्हता. चार दिवसांत भात पिवळं पडलं. गाव म्हणालं, उधाणच मोठं होतं. काका गप्प बसले असते तर कुणाला कळलंही नसतं.

ते मला घेऊन बायजाबाईंकडे गेले. त्या पडवीत बसल्या होत्या.

"काकी, बांधाची माती मी काढली व्हती."

शिव्या घालतील असं वाटलं. घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "खारी जमीन गोडी व्हायला तीन पावसाळं जातात, पुंडलिका. तवर मी हाय का?"