आंबेठाण रस्त्यावरची शिडाची होडी

थेरगावात राहून शिडाची होडी विकत घ्यायची, हे माझ्या बायकोला, वैशालीला, अजिबात पटलेलं नव्हतं. पार्किंगमध्ये स्कूटरला जागा मिळत नाही, होडी कुठे ठेवणार, असं ती विचारायची. पण मी मूळचा देवगडचा. भोसरीत ओतकामाचे लाकडी साचे बनवणाऱ्या पॅटर्न शॉपमध्ये दिवसभर लाकूडच तासतो. जुन्या वस्तूंच्या ॲपवर त्या होडीचा फोटो पाहिल्यापासून माझं कशातच लक्ष नव्हतं. ‘बघून तर येऊ’ एवढ्यावर ती तयार झाली आणि गुरुवारी, कारखान्यांच्या सुट्टीला, आम्ही बाइकवर निघालो.

या बाजूला यायचं तर गुरुवारच धरा. एरवी मोशीपासून चाकणपर्यंत कंटेनरमागे धूर खावा लागतो. मोशीत मिसळ खाल्ली (तर्री जपून मागा), चाकणहून आंबेठाणकडे वळलो. पुढे खड्डे बरेच आहेत. पेट्रोल, मिसळ, चहा धरून दोघांचा दिवस पाचशेत निघतो.

पण त्या दिवशीची शांतता काही वेगळीच होती. शेडला लागून शेड, शटर ओढलेली, रस्त्यावर कुत्रंही नाही. छपरांवरचे गोल पंखे तेवढे वाऱ्याने फिरत होते. वैशाली मागून म्हणाली, “जरा हळू चालव.” मी हळूच चालवत होतो.

होडीच्या मालकीण हिराबाई साठीच्या पुढच्या. त्यांचं मूळ गाव भामा आसखेडच्या धरणात गेलं. इकडे मिळालेल्या जमिनीवर शेड बांधून त्यांनी भाड्याने दिल्या होत्या आणि एक स्वतःला ठेवली होती. होडी तिथेच होती. नवऱ्याने ती लष्कराच्या लिलावातून आणली होती. धरणाच्या पाण्यात, जिथे खाली आपलं घर आहे, बरोबर तिथे जाऊन ते शीड उतरवून बसायचे. पुढे आजाराने गेले, घरातच, अंथरुणावर. तेव्हापासून होडी शेडमध्ये होती.

मी आत शिरलो आणि वैशालीला विसरलो. सागवानी फळ्या, पितळी खिळे, हात फिरवला तर अजून गुळगुळीत. स्क्रू ड्रायव्हरने टोचत गेलो. तळाच्या दोन फळ्या बदलायच्या, सांधे नव्याने भरायचे, बाकी लाकूड ठणठणीत. मनातल्या मनात तिला रंगही देऊन झाला होता.

होडी चाकांच्या लोखंडी गाड्यावर होती आणि तिचं टोक दाराकडे, धरणाच्या दिशेला होतं. हिराबाईंनी संकोचत विचारलं, “जरा भिंतीकडं तोंड करून द्याल का? टोक दारात आडवं येतं. आमी फिरवतो, ती पुन्हा धरणाकडं वळती. पुतण्या म्हणतो, शेजारच्या कंपनीतला पत्रा ठोकायचा प्रेस आदळतो, त्या हादऱ्यानं सरकत असंल.”

मला ते लगेच पटलं. कोबा गुळगुळीत, गाड्याला चाकं, शेजारी दिवसभर आदळणारा प्रेस. आम्ही तिघांनी जोर लावून होडी फिरवली. मी चारही चाकांना विटा लावल्या आणि लाथ मारून पाहिलं. जागची हलली नाही.

मग अंगणात चहा झाला. शेडचं दार आमच्यासमोरच उघडं होतं. वैशालीने बोलता बोलता शेजारच्या कंपनीच्या बंद शटरकडे पाहिलं. म्हणाली, “आज गुरुवार आहे ना? मग प्रेस कुठे चालू आहे?”

खरंच, कुठलाच आवाज नव्हता. मी उठून शेडमध्ये गेलो. होडीचं टोक दाराकडे होतं. विटा मी ठेवल्या होत्या तिथेच, भिंतीकडे, नीट मांडलेल्या. त्यांना टेकलेलं चाक मात्र एकही नव्हतं.

मी खाली वाकून विटांना हात लावून पाहिला. हिराबाई मागे येऊन थांबल्या. त्यांना नवल वाटलेलं दिसलं नाही. मी विचारलं, “मावशी, तुम्हाला भीती नाही वाटत?”

“कशाची?” त्या म्हणाल्या. “ती कुणाला काय करती व्हय?”

मी त्यांना खरं तेच सांगितलं. लाकूड चांगलं आहे, काम माझ्या हातचं आहे, पण ही होडी मला घरी नेववणार नाही. त्यांनी मान हलवली आणि निघताना वैशालीच्या ओटीत शेंगा घातल्या. परतीच्या वाटेवर मी बाइक कुठेच थांबवली नाही. भोसरीचा पूल आणि त्याखालची गर्दी दिसल्यावर जिवात जीव आला.

काही दिवसांनी हिराबाईंचा फोन आला. लोणावळ्याकडच्या एका हॉटेलवाल्याने होडी नेली होती. बागेत ठेवून तिच्यात फुलझाडं लावणार म्हणे. चांगलं झालं, शेड मोकळी झाली, असं मी काहीतरी बोललो.

“दादा,” मग त्या म्हणाल्या, “आता सांजंला दिवा लावते, तर कुठल्या अंगाला तोंड करून हात जोडू, ते कळंना.”

पुढच्या गुरुवारी आम्ही पुन्हा आंबेठाण रस्त्याला लागलो. या वेळी बाइक नाही, मित्राची गाडी घेतली. मागच्या सीटवर हिराबाईंना बसवून धरणापर्यंत न्यायचं होतं. गाडी मागायची कल्पना वैशालीची.